आपले काका आणि वेबसाइटवाले

४ फेब्रुवारी

चिंगे,

अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे तुझं उत्तर आलं की लागू.

काल दुकानात खुर्च्या विणायचे वेत भिजत घालून बसलो होतो, तेवढ्यात पोस्टमन एक जाडजूड पाकीट देऊन गेला. आत सोनेरी अक्षरांचं निमंत्रण. ‘आम्हा सर्वांचे लाडके, आपले काका, यांच्या सत्तरीनिमित्त घरगुती सत्कार. वीस मार्च, संध्याकाळी पाच. अवश्य यावे.’ खाली तुझ्या बाबाची सही.

आता तुझ्या बाबाला भाऊ एकच, तो मी. वीस मार्चला सत्तरीत जाणाराही मीच. मला भरूनच आलं गं. सात वर्षं ज्याने माझ्याशी अवाक्षर काढलं नाही, त्या दादाने माझा सत्कार ठेवला! डोळे पुसले आणि पाकीट उलटं केलं. वर दादाच्याच अक्षरात लिहिलेलं: ‘श्री. वेबसाइटवाले यांस.’ मी वेबसाइट चालवतो, म्हणून!

मी तडक फोन लावला. तुझ्या आईने उचलला.

‘वहिनी, सत्कार माझाच ना?’

‘तुमचा कसा? काकांचा आहे.’

‘मग मी कोण?’

‘अहो, तुम्ही भावोजी आहातच, नाही कोण म्हणतंय? पण सत्कार त्यांचा आहे. तुम्हाला बोलवायचं की नाही हेसुद्धा ह्यांनी त्यांना विचारूनच ठरवलं. ते म्हणाले, बोलवा, बिचारे एकटे असतात.’

मग हळूहळू उलगडा झाला. तुमच्या त्या फोनमधल्या चावडीवर कोणीतरी ‘आपले काका’ नावाने बसलाय. फोटो माझा, नाव माझं, खुर्च्याही माझ्याच. सगळ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवतो म्हणे, आणि गोड बोलतो. आयत्या बिळावर नागोबा! मी चांगला धडधाकट इथे बसलोय आणि माझा सत्कार दुसराच घेऊन चाललाय.

चिंगे, तू त्याच कंपनीच्या तक्रार कक्षात नोकरीला आहेस. त्या तोतयाची मानगूट धर आणि बाहेर काढ. मला फुलं नकोत, भाषणं नकोत. सात वर्षांपूर्वी तुझ्या पहिल्या पगाराच्या जेवणाला मी विणलेली खुर्ची दादाखाली मोडली, तो पाहुण्यांसमोर म्हणाला, ‘ही ह्याची कारागिरी,’ मी म्हटलं, ‘दोष बसणाऱ्याचा,’ आणि तिथपासून अबोला आहे. (सगळ्यात आधी तू हसलीस, मी विसरलेलो नाही.) सत्तरीला तरी दादाने चार लोकांसमोर माझ्याशी बोलावं, एवढंच मला पाहिजे. आणि ते बोलणं तो दुसऱ्याशीच बोलणार असेल, तर मी काय शेवटच्या रांगेत बसून टाळ्या वाजवू?

उत्तर ताबडतोब.

तुझा (खरा) काका


१० फेब्रुवारी

काका,

शिरसाष्टांग. हे पत्र मी ऑफिसातच लिहितेय. साहेब येऊन विचारून गेले, ‘हे काय?’ म्हटलं, पत्र. म्हणाले, ‘समोरच्याने वाचलं हे कळतं का यात?’ म्हटलं, उत्तर आलं की कळतं. ‘आणि नाही आलं तर?’ म्हटलं, मग काळजी वाटते. साहेबांनी ते लिहून घेतलं. आता पुढच्या महिन्यात काळजीचं एखादं बटण निघालं तर दोष माझा.

तुमची तक्रार मी स्वतः साहेबांपुढे ठेवली. नियम असा आहे: खोट्या अकाउंटची तक्रार खऱ्या अकाउंटवरूनच करता येते. तुमचं अकाउंट नाही. म्हणजे आमच्या लेखी तुम्ही नाहीच. आणि जो माणूस नाहीच, त्याची नक्कल कोण कशी करणार? मी म्हटलं, अहो, त्यांची स्वतःची वेबसाइट आहे, अकरा वर्षं जुनी. साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी म्हटलं की काका कबुतराच्या पायाला चिठ्ठी बांधतात.

रागावू नका, पण त्या वेबसाइटवर आता कोण जातं हो? भडक पिवळं पान, मधोमध गरगर फिरणारी खुर्ची, उघडल्याबरोबर वाजणारी ती पिपाणी. आणि प्रत्येक मोडक्या खुर्चीवर दोन-दोन पानं! ‘हे गृहस्थ डाव्या कुल्ल्यावर भार देऊन बसतात, कारण उजव्या खिशात पाकीट आणि मनात संशय.’ छान लिहिता तुम्ही, पण ते वाचायला तुमच्या दाराशी यायला कोणाला वेळ आहे? ‘आपले काका’ सगळ्यांच्या हातात आहेत. तीच हकिकत ते तीन ओळींत सांगतात आणि खाली दीडशे बदाम पडतात. माझ्या वाढदिवसाला त्यांनी मला खुर्चीचं चित्र पाठवलं. तुम्ही मात्र विसरलात.

घरात तर त्यांचं कौतुक मावत नाही. आत्या म्हणते, ‘इतकी वर्षं माझा भाऊ तुसडा वाटायचा. आतून किती गोड आहे बघ.’ बाबा नुसते मिशीत हसतात.

तुम्ही एक अकाउंट उघडा. मग पुढचं मी बघते.

तुमची चिंगी


१६ फेब्रुवारी

चिंगे,

मिशीत हसतो म्हणे! हसू दे. माझी मिशी आता राहिली नाही, त्याचीच हकिकत सांगतो.

तुझ्या सांगण्यावरून झेरॉक्सवाल्याकडे गेलो आणि अकाउंट उघडायला बसलो. तुमच्या यंत्राने माझा फोटो काढला, जरा विचार केला आणि उत्तर दिलं: ‘हा चेहरा आधीच वापरात आहे. दुसऱ्याचं रूप घेणं हा गुन्हा आहे.’ चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण इथे चोर गप्प आणि त्याच्या वतीने यंत्रच बोंबलतंय! झेरॉक्सवाला म्हणाला, ‘काका, चेहरा थोडा बदला.’ पन्नास वर्षांची मिशी, चिंगे. न्हाव्याने दोनदा विचारलं. मी डोळे मिटले.

बिनमिशीचा फोटो काढला. दुकानात एकच भिंत रिकामी आहे, तिच्यापुढे उभा राहिलो. तो आधी माझ्या वेबसाइटवर चढवला, कारण घरातली गोष्ट आधी घरात सांगायची असते. दुसऱ्या दिवशी झेरॉक्सवाल्याकडे गेलो, तर यंत्र म्हणतं, ‘हाही चेहरा वापरात आहे.’ झेरॉक्सवाल्याने दाखवलं. ‘आपले काका, नवं रूप!’ माझाच फोटो, आणि खाली बदामांचा पाऊस. आत्या लिहिते, ‘दहा वर्षांनी तरुण दिसतोस!’ मिशी माझी गेली आणि तरुण तो झाला.

आणि तू म्हणतेस वेबसाइटवर कोण जातं. बाई माझे, ते माझं घर आहे. तिथे मला कोणी सांगत नाही की तीन ओळींत आटप. कोणाचं लग्न, कोणाचं मांजर आणि कोणाची जाहिरात यांच्या फटीत उभं राहून मला बोलावं लागत नाही. मी लिहितो आणि दार उघडं ठेवतो. यायचं त्याने यावं. आणि येतंही कोणीतरी! पानाच्या तळाशी आकडा असतो, आज किती जण आले त्याचा. मी स्वतः बघितलेलं त्यात धरत नाहीत, मी तपासलंय. रोज एक. सणवार असो, वीज गेलेली असो, एक. कोण आहे देव जाणे. पण रोज येणारा एक माणूस म्हणजे काही कमी नाही. माझ्या दुकानात तरी रोज कुठे येतो?

आता काय करायचं ते सांग. मला आरशात बघवत नाही.

बिनमिशीचा काका


२१ फेब्रुवारी

काका,

तुमचं पत्र वाचून मी हसले आणि मग मला रडू आलं, आणि मग पुन्हा तो फोटो बघून हसले. माफ करा.

पण हसता हसता डोक्यात प्रकाश पडला. फोटो तुम्ही आधी वेबसाइटवर टाकलात. मग त्याने उचलला. म्हणजे तुमच्याकडे रोज येणारा तो एकुलता एक माणूस हाच तोतया आहे! त्याचं सगळं भांडवल तुमच्या पिवळ्या पानावरचंच. तुमच्याकडून घाऊक उचलतो आणि आमच्याकडे किरकोळ विकतो.

मला विचाराल तर ही आत्याच आहे. सगळ्यांच्या वाढदिवसांवर एवढी नजर दुसऱ्या कोणाची? शिवाय निवृत्तीपासून तिच्या हाताला काम नाही आणि तोंडाला आराम नाही.

आपण तिला पकडू. तुम्ही वेबसाइटवर काहीतरी धादांत खोटं लिहा, जे तुम्ही जन्मात करणार नाही असं. ते त्याने छापलं की चोरी सिद्ध. साहेब म्हणाले, असा पुरावा मिळाला तर चेहऱ्याचा नियम बाजूला ठेवता येईल. तुम्ही फक्त एक सही करून पाठवायची, ते अकाउंट बंद आणि तुम्ही अधिकृतपणे खरे.

मिशी वाढवायला घ्या.

चिंगी


२५ फेब्रुवारी

चिंगे,

लिहिलं. ‘गुडघेदुखीवर मला रामबाण उपाय सापडला आहे. मी आता उलटा चालतो. सकाळी दुकानापर्यंत आणि संध्याकाळी परत. आठ दिवसांत गुडघे लोण्यासारखे झाले.’

बघू तुझी आत्या काय करते.

काका


३ मार्च

काका,

थांबवा. हात जोडते, थांबवा.

ज्या दिवशी तुमचं पत्र पोचलं, त्याच दुपारी ‘आपल्या काकां’नी ते छापलं. तुमची गुडघेदुखी, तुमचं लोणी, सगळं शब्द न् शब्द. संध्याकाळपर्यंत अख्खं घर उलटं चालायला लागलं. आई ओट्यापासून फ्रिजपर्यंत उलटी जाते, त्यामुळे भाजी काढायला गेली की हाताला लागेल ते घेऊन येते. काल आमटीत जाम होता. आत्या जिन्यावरून उलटी उतरली ती थेट खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्याच्या मांडीत. तो म्हणाला, आता बसलाच आहात तर दाढ बघू. तिची दाढ काढली, काका! म्हणजे ती तोतया असेल तर तिने नाटक फारच मनावर घेतलंय. मला आता आमच्या साहेबांचा संशय येतो.

बाबांचं मात्र नवल वाटतं. ते त्या दिवशी सकाळीच दात घासत घासत उलटे मोरीतून बाहेर आले, तेव्हा ‘आपल्या काकां’च्या पोस्टचा पत्ताही नव्हता. दुपारी ती आली तेव्हा आई म्हणाली, ‘बघा, भावाच्या मनातलं भावाला आधीच कळतं.’ तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा खाकरले आणि उलटे गॅलरीत निघून गेले.

पुरावा तर मिळाला. साहेबांनी तक्रारीचा कागद तयार केलाय, सोबत पाठवतेय. सही करा आणि पाठवून द्या, म्हणजे सत्काराच्या आधी अकाउंट बंद होईल आणि त्या खुर्चीवर तुम्हीच बसाल.

चिंगी


७ मार्च

चिंगे,

दाढ काढली? खरंच? मी औषधवाल्याला सांगितलं, न्हाव्याला सांगितलं, आणि दुकानात एकटाच असताना पुन्हा स्वतःला सांगितलं.

सही करतो गं, घाई काय आहे? सत्तर वर्षांत माझं कोणी ऐकलं नाही. लहानपणी दादाचं ऐकायचे, मग तुझ्या आजोबांनी ऐकायचं सोडलं, मग खुर्च्याच उरल्या. आणि आता मी इथे एक ओळ लिहितो आणि तिकडे अख्खं घराणं उलटं चालतं! तुमच्या चावडीवर हजारो लोक बोलतात आणि कोणी कोणाचं ऐकत नाही. माझ्याकडे एकच माणूस येतो, पण काय माणूस आहे! सगळं वाचतो आणि सगळ्यांना सांगतो. असा एक असला की पुरे. तू विचारत होतीस ना, वेबसाइट कशाला? ही अशी.

म्हणून काल आणखी एक लिहिलं. ‘खुर्चीवर बसण्याआधी तिला विचारावं, बसू का? आणि उत्तराची वाट बघावी. खुर्ची मोडते ती न विचारल्यामुळे.’ ही कोपरखळी कोणाला आहे ते सांगायला नको.

एवढी गंमत बघतो आणि मग सही.

काका


१२ मार्च

काका,

तुमची गंमत होते आणि इथे आम्ही उभे.

आत्याला जेवणाच्या टेबलाशी खुर्चीने होकार दिला नाही म्हणून ती उभ्यानेच जेवली. आई म्हणते, माझ्या खुर्चीचा हुंकार मात्र स्पष्ट आला. हे लोण आमच्या घरापुरतं राहिलं नाही. बँकेत, बसमध्ये, थिएटरात लोक खुर्च्यांपुढे वाकून उभे आहेत. तक्रार कक्षात ढीग पडलाय: ‘माझ्या खुर्चीने उत्तर दिलं नाही’, ‘माझी खुर्ची नवऱ्याला हो म्हणते आणि मला नाही’. यावर आमच्याकडे नियमच नाही. साहेबही काल विचारून बसले. मी बघितलं नाहीसं केलं.

पण आता गमतीचं नाही, ते सांगते. उलटं चालताना बाबा कपाटावर आपटले आणि पाय मोडला. प्लॅस्टर आहे. मी तुम्हाला लगेच लिहिणार होते, पण बाबा म्हणाले, ‘त्याला कळवू नकोस, मनाला लावून घेईल.’ म्हणजे ‘आपल्या काकां’ना, असं मी धरलं. ते गोड आहेत ना, त्यांना वाईट वाटलं असतं.

त्यातून आईने आणखी एक काळजी काढली. बाबा रोज पहाटे अंधारात एकटेच फोन घेऊन बसतात. ती पाणी प्यायला उठली, तर त्यांचा चेहरा पिवळाजर्द. डोळे पिवळे, चष्मा पिवळा, कपाळही पिवळं. आईने हाय खाल्ली, म्हणाली कावीळ! डॉक्टरांनी रक्त तपासलं, काही नाही. दिवसा बघितलं तर रंग चांगला. पुन्हा पहाटे पिवळे. डॉक्टर म्हणतात, असा रोग त्यांनी पुस्तकातही वाचला नाही.

आणि प्लॅस्टरमधला पाय घेऊन ते, खुर्चीची ती पोस्ट आली त्याच दिवशी सकाळी, खुर्चीपुढे उभे राहिले, हळूच म्हणाले, ‘बसू का?’ पोस्ट यायला तेव्हा बराच वेळ होता. बराच वेळ उभे होते, काका. मग इतके जपून बसले की मला बघवेना.

सही पाठवा. लवकर.

चिंगी


१४ मार्च

चिंगे,

काखेत कळसा आणि गावाला वळसा. तुझंही तेच आणि माझंही तेच.

तुझ्या बाबाला कावीळ नाही. माझं पान पिवळं आहे.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. सकाळी उलटा आला, दुपारी पोस्ट. सकाळी खुर्चीला विचारलं, पोस्ट यायला वेळ होता. अंधारात एकटा बसतो आणि तोंडावर पिवळा उजेड. बाई माझे, रोज येणारा तो एक म्हणजे दादा आहे. आणि तुमचे ते लाडके ‘आपले काका’ही दादाच.

का, ते माझ्या थोडंफार ध्यानात येतंय. ती मोडलेल्या खुर्चीची हकिकत मी वेबसाइटवर लिहिली होती, ‘दोष बसणाऱ्याचा’ म्हणून. पहिल्या दिवशी तो तीच बघायला आला असणार. दुसऱ्या दिवशी, आणखी काय लिहिलंय ते बघायला. आणि मग येतच राहिला. मी त्याच्यावर आणखी काही लिहिलं नाही, तरी येत राहिला. वाचलेलं कोणाला तरी सांगावंसं वाटलं असेल, आणि अबोल्यात माझं नाव कसं घेणार? म्हणून मलाच तिकडे नेऊन बसवलं, माझ्या तोंडी गोड बोलणं घातलं आणि सगळ्यांना आवडेल असा मला करून ठेवला. ह्याला काय म्हणावं मला कळत नाही. मी सकाळपासून एक टाका विणलेला नाही.

आणि त्या माणसाला मी उलटं चालायला लावलं! एकच वाचणारा, त्याचा पाय मोडला. मी गाढव आहे.

तक्रारीचा कागद मी फाडला. तू तिकडची तक्रारही मागे घे. आणि दादाला एका शब्दानेही कळू देऊ नकोस. आज वेबसाइटवर लिहिलंय: ‘पाय दुखावलेल्याने पाय उशीवर ठेवावा, कुठल्याही दिशेला चालू नये, आणि खुर्चीला विचारत बसू नये. खुर्च्या आपल्याच असतात.’ उशी बरीच उंच लागते, बघ जरा.

काका


१७ मार्च

काका,

मी काल रात्रीपासून बाबांकडे बघतेय आणि ते मला विचारतात, काय झालं. काही नाही म्हणते. मला खूप हसू येतं आणि मग मी स्वयंपाकघरात पळते. स्वतःच्या भावाला बोलवायचं की नाही हे स्वतःलाच विचारलं त्यांनी! आणि स्वतःच म्हणाले, बोलवा, बिचारे एकटे असतात.

उशी दिली. ती पोस्ट आली तेव्हा पाय आधीच वर होता.

तक्रार मागे घेतली. साहेब म्हणाले, नीट विचार करा, एकदा मागे घेतली की तुमचे काका कायमचे खोटे ठरतील, मग पुढे अकाउंटही उघडता येणार नाही. म्हटलं, चालेल म्हणालेत. साहेबांना पटलं नाही. ‘खोटं ठरायला कोण तयार होतं?’ म्हणाले. मी पुढची तक्रार उघडली.

पण आता वेगळीच पंचाईत आहे. तीन दिवसांवर सत्कार आलाय आणि बाबांना आता कळलंय की ‘आपले काका’ म्हणून येणारं कोणीच नाही. सगळ्यांना ‘काका नक्की येणार’ म्हणून सांगून बसलेत. जेवत नाहीत. मंचावर रिकामी खुर्ची राहिली तर आत्या त्यांना फाडून खाईल, आणि खरं कळलं तर जन्मभर सांगत सुटेल. मला तर त्या दिवशी सुट्टीही नाही, खुर्च्यांच्या तक्रारी संपत नाहीत. तुम्हाला काय करायचं ते तुम्ही ठरवा. चार लोकांसमोर सांगितलंत की ‘हा सगळा ह्याचाच उद्योग’, तर ती खुर्ची तुमचीच आहे. तुमचा हक्कही आहे. पण काका, ते माझे बाबा आहेत.

चिंगी


२२ मार्च

चिंगे,

झालं एकदाचं. घाबरू नकोस, तुझा बाबा शाबूत आहे.

दारात तुझी आत्या बसली होती. मला नखशिखांत बघून म्हणाली, ‘वेबसाइटवाले ना? शेवटची रांग.’ सख्खी बहीण! मिशीचे खुंट आलेत ना, त्यामुळे मी त्यांच्या कुठल्याच काकांसारखा दिसत नव्हतो. बसलो शेवटच्या रांगेत. मंचावर फुलांनी मढवलेली खुर्ची आणि तिच्या शेजारी प्लॅस्टरचा पाय पुढे काढून दादा. घाम पुसतोय. पाच वाजले, सव्वापाच वाजले. लोक फोनमध्ये बघतात, ‘काका कुठवर आलात?’ म्हणून लिहितात, आणि दादाच्या खिशात फोन टिंगटिंग वाजतो. एकदा तर पन्नास जणांनी एकदम विचारलं. खिसा नुसता किणकिणत होता. तो सगळ्यांना ऐकू येत होता आणि कळला एकालाही नाही.

शेवटी दादा उठला. म्हणाला, ‘काकांना अचानक अडचण आली आहे. त्यांच्या वतीने...’ आणि थांबला. सगळ्या सभागृहावरून त्याची नजर फिरली आणि माझ्यावर येऊन थबकली. त्या नजरेत काय होतं ते तुला सांगता येत नाही. लहानपणी तुझ्या आजोबांची काच फोडल्यावर तो असाच माझ्याकडे बघायचा.

मला एक वाक्य बोलायचं होतं, चिंगे. पाठ करून आणलं होतं. ते मी गिळलं आणि उभा राहिलो. ‘त्यांच्या वतीने मी घेतो सत्कार,’ म्हटलं.

‘हे कोण?’ आत्या ओरडली.

‘हे त्यांचे फार जवळचे आहेत,’ दादा म्हणाला. मग माझ्याकडे वळला. ‘या. बसा.’

जन्मात पहिल्यांदा मला अहो-जाहो केलं. तरी सात वर्षांनी बोलला. मी बसलो. खुर्चीला विचारलं नाही, तेव्हा पहिल्या दोन रांगांनी श्वास रोखला.

मग भाषण. हातात कागद नाही. माझी एकेक खुर्ची त्याने पाठ म्हटली गं. ती डाव्या कुल्ल्यावरच्या गृहस्थांची, ती विधवाबाईंच्या झोपाळ्याची, ती शाळेतल्या बुटक्या बाकाची. मी विसरलेल्या ओळी त्याला येत होत्या. दीडशे बदामवाल्यांना ते नवं होतं, कारण त्यांनी तीन-तीन ओळीच वाचलेल्या. माझ्या डोळ्यांना धार लागली. आत्या शेजारणीला म्हणाली, ‘परक्याला बघ किती लागलंय.’ जाताना मला सांगून गेली, ‘तुम्ही आमच्या काकांसारखे दिसता हो थोडेसे. पण ते जास्त गोड आहेत.’ म्हटलं, त्यांना सांगतो.

पुष्पगुच्छ घेऊन मी शेवटच्या बसने घरी आलो. दादाशी आणखी बोलणं झालं नाही, भोवती माणसं होती. वाटलं, मिळालं तेवढं मिळालं.

आज सकाळी दुकान उघडतोय, तर दारात गाडी. तुझा बाबा प्लॅस्टरसकट उतरला. आत आला, इकडेतिकडे बघितलं, त्या रिकाम्या भिंतीपुढे जरा उभा राहिला. फोटोबद्दल तो काही बोलला नाही आणि अकाउंटबद्दल मी काही विचारलं नाही. मी एक खुर्ची पुढे केली. बसता बसता म्हणाला, ‘त्या दिवशी ती खुर्ची तूच सैल विणली होतीस.’

‘तू मागच्या दोन पायांवर झुलत होतास!’ मी म्हटलं.

‘मी जन्मात झुललो नाही!’

आणि जुंपली ना! सात वर्षांचं साठलेलं, चिंगे. चहा दोनदा झाला, औषधवाला डोकावून गेला, न्हाव्याने विचारलं, पोलीस बोलावू का. दिवस कलला तरी दोघांपैकी एकही मागे हटला नाही. तो अजून इथेच आहे, आत हात धुतोय, म्हणून हे घाईत लिहितो. वहिनीला सांग, आज मुक्काम इथेच, आणि उशी आहे माझ्याकडे.

आज वेबसाइटवर काही लिहिलं नाही. वाचणारा समोर बसून भांडत होता.

काका